जुन्या वाहनांच्या बॅटऱ्या आणि घरची सौर वीज

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय कोणता घेणार, असे मला विचारण्यात आले, तेव्हा मी 'जुन्या बॅटऱ्या' असे सांगितले. त्यावर क्षणभर शांतता पसरली. अशा प्रसंगी इतिहास, शिक्षण, समाजकार्य असे विषय अपेक्षित असतात, याची मला कल्पना आहे. परंतु गेल्या वर्षभरात या सभागृहात बसलेल्यांपैकीच दहा-बारा कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "सर, छतावर सोलर बसवले. आता विजेच्या गाडीची जुनी बॅटरी निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सर्वांना एकदाच सविस्तर सांगावे, असे मनात आले. शिवाय या प्रश्नात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. तीही हकीकत आज सांगणार आहे.

साठवण ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तेथील जमिनीत पेवे खणून हळद साठविण्याची पद्धत सांगलीच्या बाजारपेठेचा आधार होती. पेवात उतरविलेली हळद वर्षानुवर्षे टिकत असे, तिला कीड लागत नसे आणि भाव येईपर्यंत व्यापारी निश्चिंत असे. सन २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले आणि कितीतरी माल मातीमोल झाला. साठवणीची जागा चुकली किंवा नदीने ती चुकीची ठरविली, की वर्षांची पुंजी एका रात्रीत जाते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.

विजेची साठवण म्हटली की सातारा जिल्ह्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. कोयनेचा शिवसागर जलाशय ही महाराष्ट्राची एक प्रचंड बॅटरीच आहे. पावसाळ्यात पाणी भरून घ्यायचे आणि संध्याकाळी राज्यभर दिवे लागले, मागणी वाढली, की ते बोगद्यांतून खाली सोडायचे. सुमारे १९६० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र काही मिनिटांत सुरू होते, ही त्याची खरी किंमत. त्याच पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटेसे गाव सन २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाले. एकाच तालुक्यात डोंगराआड साठवलेले पाणी आहे आणि घराघरांच्या छतावर ऊनही आहे. फरक एवढाच, की पाणी थांबून राहते आणि ऊन थांबत नाही. दुपारी बारा वाजता छतावर तयार झालेली वीज त्याच क्षणी कोठेतरी वापरली गेली पाहिजे.

मग ती जाते कोठे? नेट मीटर बसविलेल्या घरात ती महावितरणच्या तारेवर जाते, रात्री आपण तारेवरून वीज परत घेतो आणि महिन्याअखेर वजाबाकी होते. अशा घराला तारच साठवणीचे काम करून देते. म्हणून माझे पहिले सांगणे बऱ्याच जणांची निराशा करील : ज्यांच्या घरी नेट मीटर आहे आणि ज्यांच्या गावात वीज क्वचितच जाते, त्यांना केवळ बिल वाचविण्यासाठी बॅटरीची गरज नाही, नवीही नाही आणि जुनीही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे, बॅटरीसाठी त्यात वेगळे काही नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

परंतु येथे एक गोष्ट अशी आहे, की जी सोलर बसविणारा बहुधा सांगत नाही आणि ग्राहकाला पहिल्या पावसाळ्यातच कळते. तारेला जोडलेली साधी सौर यंत्रणा तारेवरील वीज गेली की स्वतःही बंद होते. छतावर लख्ख ऊन असते आणि घरात पंखा थांबलेला असतो. यात यंत्राचा दोष नाही. वीज गेली असता कोणीतरी वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या छतावरची वीज उलट तारेवर गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ही योजना मुद्दाम केलेली आहे. तेव्हा ज्याला वीज गेल्यावरही दिवा हवा आहे, त्याला साठवण हवीच. त्यासाठी बॅटरी सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, अथवा घरातील निवडक दिवे-पंख्यांसाठी वेगळी यंत्रणा करावी लागते. म्हणजे जुन्या बॅटरीची किंमत हा हिशेबातला एक आकडा झाला, पूर्ण हिशेब नव्हे.

आता माझी हकीकत सांगतो.

आमचे घर सांगलीत, नदीपासून फार दूर नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून आपण कल्पना करावी. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. इन्व्हर्टर आणि त्याची १५० अँपिअर-तासांची मोठी बॅटरी जिन्याखालीच राहिली आणि पहिल्या दिवशीच पाण्यात बुडाली. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. तिला श्वासाचा त्रास होता आणि घरात ऑक्सिजनचे यंत्र होते. ते विजेवर चालते. वीज गेली, बॅटरी बुडाली, यंत्र थांबले. शेजारच्या तरुणांनी बोट आणली आणि आईला खुर्चीसकट खाली उतरविले. ती सुखरूप बाहेर निघाली. परंतु त्या चार-पाच तासांतील तिचा श्वास आजही माझ्या कानांत आहे.

त्यानंतर ठरविले, की साठवण वरच्या मजल्यावर हवी आणि चांगली मोठी हवी. नवी लिथियम बॅटरी तेव्हा मला महाग वाटली. सन २०२३ मध्ये एका परिचिताच्या ओळखीने एक विक्रेता भेटला. विजेच्या मालवाहू रिक्षातून काढलेला पॅक होता, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, म्हणजे नवा असताना सुमारे पाच युनिटांचा. विक्रेता म्हणाला, "सर, ऐंशी टक्के जीव आहे." मल्टिमीटर लावून त्याने मला व्होल्टेज दाखविले. आकडा उत्तम होता. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वहीवर 'मोजल्याशिवाय लिहू नये' असा शेरा मारणाऱ्या मी पैसे दिले आणि पॅक घरी आणला. मनात हिशेब पाचच युनिटांचा राहिला. त्या ऐंशी टक्क्यांचासुद्धा मी विचार केला नाही.

त्या जूनमध्ये एका वादळी रात्री साडेआठ वाजता वीज गेली. ऑक्सिजनचे यंत्र, एक पंखा आणि एक दिवा मिळून ४०० वॅटचा भार होता. पाच युनिटांत इन्व्हर्टरची घट धरूनही अकरा तास निघायला हवे होते. सकाळपर्यंत चिंता नाही, असे पत्नीला सांगून मी झोपलो. रात्री दोन वाजता यंत्राची शिट्टी वाजली आणि सर्व बंद पडले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवलेला एक छोटा सिलिंडर घरात होता, म्हणून निभावले. तो नसता तर काय झाले असते, हे मी कोणाजवळ बोललो नाही. आज प्रथमच बोलतो आहे.

दुसऱ्या दिवशी, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. पॅक पूर्ण भरला, ठरावीक भार लावला, मीटरवर युनिटे मोजली. २.२ युनिटे मिळाली. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वर्कशॉप आहे; त्याने तो पॅक आपल्या यंत्रांवर तपासला. सोळा सेलपैकी चौदा सेल खरोखरच चांगले होते, पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांचे. दोन सेल निकामी झाल्यात जमा होते. हे सेल एकामागोमाग एक असे जोडलेले असतात. आठबैली नांगर ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको, की एक बैल बसला म्हणजे नांगर थांबतो. बाकीच्या सातांच्या अंगात बळ असून उपयोग नसतो. येथेही तसेच झाले. दोन सेल रिकामे होताच पॅकमधील संरक्षक मंडळाने सगळाच पुरवठा तोडला आणि चौदांची शिल्लक तशीच राहिली.

त्याने ते दोन सेल बदलून, तपासलेलेच दुसरे दोन जुने सेल बसविले आणि सर्वांची पातळी सारखी केली. त्यानंतर त्याच पॅकने ३.६ युनिटे दिली. आई पुढे दीड वर्ष होती; त्या काळात त्या बॅटरीने एकदाही दगा दिला नाही आणि आजही ती आमच्या वरच्या मजल्यावर चालू आहे. म्हणून मी जुन्या बॅटरीच्या विरोधात बोलतो आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. तो पॅक वाईट नव्हता, न मोजता घेतला ही चूक होती. मात्र कोणीही घरी पॅक उघडण्याच्या फंदात पडू नये. पाना चुकून दोन टोकांना टेकला, तर तो तेथेच वितळून चिकटतो आणि हातावर ठिणग्यांचा वर्षाव होतो. माझा विद्यार्थी ते काम हातमोजे आणि गुंडाळलेली हत्यारे वापरून करतो आणि तरीही दोघे असल्याखेरीज करीत नाही.

आता प्रश्न येतो, की गाडीला नकोशी झालेली बॅटरी घराला कशी चालते? साधारणतः मूळ क्षमतेच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेली बॅटरी वाहनातून निवृत्त समजली जाते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणारी स्कूटर बॅटरीकडून एका दमात काही हजार वॅट मागते. वय झालेल्या बॅटरीचा अंतर्गत अवरोध वाढलेला असतो, ती तापते आणि पल्लाही कमी पडतो. घरातील दिवे, पंखे, दूरचित्रवाणी मिळून तीन-चारशे वॅट लागतात आणि तेही सावकाश. निवृत्त माणसाला घाट चढवत नाही, पण तो घरी बसून चार मुलांची शिकवणी घेऊ शकतो. हे मी स्वानुभवाने सांगतो.

आपल्या भागाला विजेच्या वाहनांची ओळख अलीकडची नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकापासून सायकल रिक्षाच्या सुधारणेवर काम केले आणि 'इलेक्शा' नावाची विजेवर चालणारी रिक्षा सिद्ध केली. सन २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. त्या काळी हाताशी होती ती शिशाची जड बॅटरी. लिथियमची बॅटरी १९९१ मध्ये जपानमध्ये बाजारात आली होती, परंतु ती कॅमेऱ्यात आणि पुढे मोबाइलमध्ये राहिली. रस्त्यावर ती आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आली गेल्या सात-आठ वर्षांत. घरच्या दृष्टीने तिचे दोन प्रकार मानावेत. एकात निकेल असते. ती हलकी, पण अतिशय तापल्यास लवकर भडकणारी. दुसरी लोह-फॉस्फेटची, थोडी जड, परंतु स्वभावाने शांत आणि जास्त वर्षे टिकणारी. घरासाठी दुसरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेत्याला प्रकार सांगता येत नसेल, तर तेथून उठावे.

बाजारात आज येणारा जुना माल कोणता, तेही पाहिले पाहिजे. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन ही विजेवरची मोटार जानेवारी २०२० मध्ये ३०.२ युनिटांच्या बॅटरीसह आली, तेव्हा बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी होती. म्हणजे त्या पहिल्या मोटारींची वेळेची हमी २०२८ मध्ये संपायला लागेल. तोपर्यंत वयोमानाने निवृत्त झालेल्या मोटारींच्या बॅटऱ्या फारशा येणार नाहीत. सध्या जे येते ते बहुधा रिक्षा आणि स्कूटरचे, अपघातग्रस्त वाहनांचे, किंवा हमीत बदलून दिलेले पॅक. हमीत बदलून दिलेला पॅक का बदलला गेला असेल, याचा विचार खरेदीदाराने करावा. अपघातातील पॅकला आतून दुखापत झालेली असू शकते आणि ती महिन्यांनंतरही उफाळून येते. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्याच्या घटना आपण वाचल्या. त्यानंतर वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे सुरक्षा निकष कडक करण्यात आले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुना पॅक घेताना त्यावरील निर्मितीची तारीख त्यापूर्वीची असेल, तर अधिक सावध राहावे.

आम्ही तरुण असताना साताऱ्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रिया स्कूटर जुनी घेताना किक मारून इंजिनाचा आवाज ऐकत असू. अर्धी परीक्षा कानानेच होई. बॅटरीला आवाज नाही. व्होल्टेजवरून तर काहीच समजत नाही, कारण लोह-फॉस्फेटच्या सेलचे व्होल्टेज तो जवळजवळ भरलेला असताना आणि बराच रिकामा झालेला असताना सारखेच, ३.२ ते ३.३ च्या आसपास राहते. मला दाखविलेला तो उत्तम आकडा म्हणूनच निरर्थक होता. सांगलीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. बॅटरी मोडून पाहता येत नाही, पण रिकामी करून पाहता येते. ती पूर्ण भरावी, माहीत असलेला भार लावावा, आपोआप बंद होईपर्यंत चालवावी आणि किती युनिटे निघाली ते मीटरवर लिहून घ्यावे. शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगवेगळे पाहावे. लबाड सेल तेथेच उघडा पडतो. नंतर पुन्हा भरून आठ दिवस नुसती ठेवावी आणि एखादा सेल आपणहून उतरतो का, ते तपासावे. जो विक्रेता एवढे करून देत नाही किंवा करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तराजू आहे. मापात कोणी आपल्याला फसवू नये आणि आपण कोणाला फसवू नये, ही सवय आपल्याला आहेच. ती फक्त या नव्या मालाला लावायची आहे.

हे मोजण्याचे काम वाटते तेवढे क्षुल्लक नाही. जपानमध्ये निसान आणि सुमितोमो यांनी २०१० मध्ये जुन्या बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि २०१८ मध्ये फुकुशिमा प्रांतातील नामिए या गावी कारखाना काढला. भूकंप, सुनामी आणि अणुभट्टीचा अपघात सोसलेले हे गाव. तेथे एका मोटारीच्या पॅकमधील ४८ भाग तपासायला आरंभी सोळा दिवस लागत; नव्या पद्धतीने ते काम चार तासांवर आले आणि मगच त्या व्यवसायाला अर्थ प्राप्त झाला. तपासल्यावर प्रतवारी होते : उत्तम ते पुन्हा वाहनात, मध्यम ते इतर यंत्रांत, उरलेले साठवणीच्या कामात. ॲमस्टरडॅमच्या एका मोठ्या क्रीडागृहात त्याच वर्षी १४८ मोटारींच्या बॅटऱ्यांइतकी साठवण उभी राहिली. तिच्यात नव्या आणि वापरलेल्या अशा दोन्ही बॅटऱ्या आहेत. आपल्याकडे बंगळूरच्या नुनाम या संस्थेने २०२२ मध्ये ऑडी कंपनीच्या चाचणीच्या मोटारींतील बॅटऱ्या ई-रिक्षांना बसविल्या. जर्मन मोटारीची बॅटरी भारतीय रिक्षात, हा प्रवास मला मोठा गमतीचा वाटला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम जारी केले आणि २००१ चे जुने नियम बदलले. आता वाहनाच्या बॅटरीची शेवटपर्यंतची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती जमिनीत पुरता येत नाही, जाळता येत नाही. ती दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. या नोंदणीचा ग्राहकाला होणारा लाभ असा, की नोंदणीकृत माणसाकडे पावती असते, चाचणीचा कागद असतो आणि सहा वर्षांनी ती बॅटरी खरोखरच संपली, तर परत द्यायला एक दार असते. मला पॅक विकणाऱ्याने पावती दिली नव्हती, आणि मीही मागितली नव्हती.

किमतीविषयी एकच सूत्र सांगतो. जगभरात लिथियम बॅटऱ्यांच्या किमती वेगाने उतरल्या आहेत. २०१० मध्ये एका युनिटाच्या साठवणीला हजार डॉलरहून अधिक पडत होते, ती सरासरी २०२४ मध्ये ११५ डॉलरच्या आसपास आली. घरगुती वस्तू म्हणून आपल्या हाती येईपर्यंत आकडा बराच वाढतो, पण दिशा तीच आहे. तेव्हा जुन्या बॅटरीच्या मोजलेल्या युनिटांना भागून भाव काढावा. मी पाच युनिटांचे पैसे दिले आणि २.२ मिळाली, म्हणजे मला ती नव्यापेक्षाही महाग पडली! मोजलेल्या युनिटामागे जुनीचा भाव नवीच्या निम्म्याहून खाली येत नसेल, तर हमी असलेली नवी घेणे शहाणपणाचे.

किती साठवण पुरते, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या घरी बसून करावा. चार एलईडी दिवे, दोन पंखे, वायफाय आणि एक छोटा फ्रिज यांना संध्याकाळपासून रात्री झोपेपर्यंत दीड ते दोन युनिटे पुरतात. गिझर, इस्त्री, वातानुकूलन यंत्र यांना बॅटरीवर आणूच नये. आपल्यातील जी कुटुंबे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपतात, त्यांचा एक फायदा माझ्या उशिरा लक्षात आला : स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी, मिक्सर, पाण्याची मोटर हा सारा जड भार उन्हातच उरकतो आणि रात्रीसाठी अगदी थोडी साठवण लागते. माझ्या आजोळी ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच पुसणे हे संध्याकाळचे माझे काम होते. रात्री तेवढ्या एका कंदिलावर सगळे घर चालत असे.

जागेविषयी मात्र मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे, कारण आपली घरे नदीकाठी आणि दुकानांच्या वर आहेत. बॅटरी जिन्याखाली नको, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. झोपण्याच्या खोलीत नको. कापड, बारदान, हळदीची पोती, तेलाचे डबे यांजवळ नको. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको. उन्हाळ्यात तेथील उष्णता बॅटरीचे आयुष्य झपाट्याने खाते. पूररेषेच्या वर, सावलीत, वारा खेळता असलेल्या भिंतीजवळ, लाकडी फळीवर न ठेवता लोखंडी घोडीवर ठेवावी आणि बॅटरी व इन्व्हर्टर यांच्यामध्ये डीसीसाठीचाच फ्यूज असावा, घरातला साधा फ्यूज चालत नाही. बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला किंवा ती हाताला चटका देऊ लागली, तर चार्जिंग बंद करून जाणकाराला बोलवावे. धूर निघू लागला तर काहीही वाचवीत बसू नये. सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलाला बॅटरी लिथियमची आहे, हे सांगावे. पुरात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा भरण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. वरून कोरडी दिसली तरी आत चिखल आणि क्षार बसलेले असतात आणि आग दिवसांनंतरही लागू शकते. ती घरापासून दूर मोकळ्यावर ठेवून नोंदणीकृत माणसाच्या स्वाधीन करावी. आणि ज्या घरात कोणाचा श्वास यंत्रावर आहे, त्या घराने बॅटरी कितीही चांगली असली तरी सिलिंडर ठेवावाच.

मी बोलत असताना साताऱ्याहून आलेल्या एका भगिनींनी चिठ्ठी पाठविली आहे. त्या विचारतात : "आमच्या घरी जुना इन्व्हर्टर आहे, त्याची पाण्याची बॅटरी संपली. त्यालाच ही लिथियमची बॅटरी जोडली तर चालेल का?" प्रश्न अगदी योग्य आहे आणि विक्रेते याला बिनदिक्कत 'हो' म्हणतात. ताई, तसे सहसा चालत नाही. शिशाच्या बॅटरीसाठी बनविलेला इन्व्हर्टर तिला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन उकळवतो. ते तिच्या पथ्याचे असते. लोह-फॉस्फेटच्या बारा व्होल्टी पॅकला १४.६ च्या वर नेणे योग्य नाही. संरक्षक मंडळ चांगले असेल तर ते पुरवठा तोडील आणि तुम्हाला वाटेल बॅटरी बिघडली. मंडळ निकृष्ट असेल तर सेल खराब होतील. आपल्या इन्व्हर्टरवर लिथियमसाठी वेगळी निवड आहे का, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. नसेल, तर इन्व्हर्टरही बदलावा लागेल आणि तो खर्च धरून हिशेब करावा. आणि घरात वीज महिन्यातून एक-दोन तासच जात असेल, तर पुन्हा पाण्याचीच बॅटरी घ्या, दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घाला आणि निश्चिंत राहा. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला न देता विक्रेत्यालाच परत करा. तिच्या शिशाचे पैसे वजा होतात.

भोजनाची वेळ झाली आहे आणि सूर्य आपल्यासाठी थांबणार नाही. माझा मीटर आणि भाराचे दिवे मी बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना चाचणी कशी करतात ते पाहायचे असेल, त्यांनी भोजनोत्तर यावे.